नकाशा कालचा, मेंदू आजचा

आपल्याकडे ‘सोनोग्राफी’ म्हटले की पहिला प्रश्न येतो, “कितवा महिना?” आत्या, मावश्या, शेजारणी, सगळ्या एका सुरात तेच विचारतात. त्यामुळे आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा गेल्या पावसाळ्यात घरी येऊन म्हणाला, “मावशी, आईच्या डोक्याचं ऑपरेशन चालू असतानाच डॉक्टर सोनोग्राफी करणार म्हणतात,” तेव्हा क्षणभर मीही गोंधळले. मेंदूची गाठ काढायची आणि तिथे सोनोग्राफी कशाला? एम.आर.आय. तर झाला होता. मोठ्या पाकिटातल्या त्या काळ्या फिल्मा त्याच्या हातातच होत्या.

“एवढं सगळं यात दिसतंय, तर मग पुन्हा बघायचं काय?” हा त्याचा प्रश्न. मी काही विज्ञानाची प्राध्यापिका नव्हे. पण घरचा माणूस टेबलावर असताना बाहेरच्या बाकावर बसणाऱ्याला आत काय चालले आहे ते थोडेतरी कळावे, असे मला वाटते. म्हणून त्या आठवड्यात वाचले, आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना विचारले, एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोलले. त्यातून जे समजले ते आज वाचकांसमोर ठेवते. अशी वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर उपयोगी पडेल.

सुरुवात आवाजापासून करू. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या पलीकडचा आवाज आपल्यासाठी मुका असतो. सोनोग्राफीच्या यंत्राचा हातात धरायचा भाग, ज्याला ‘प्रोब’ म्हणतात, तो सेकंदाला 50 लाख, एक कोटी किंवा त्याहूनही जास्त कंपनांचा आवाज शरीरात सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. शरीराच्या मऊ भागातून आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो. चार सेंटीमीटर खोल असलेल्या एखाद्या पडद्यावर आपटून तो परत यायला सेकंदाचा वीस हजारावा भाग लागतो. यंत्र हा वेळ मोजते, त्यावरून खोली काढते आणि पडद्यावर चित्र उमटवते. डोंगरात हाक मारून प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून कड्याचे अंतर ओळखावे, तसाच हा हिशेब. यात क्ष-किरण नाहीत. म्हणून तर पोटातल्या बाळासाठी तो चालतो.

मग मेंदूसाठी ही युक्ती सर्रास का वापरत नाहीत? कारण वाटेत कवटी आहे. हाड आवाजाच्या या लहरी बऱ्याचशा गिळून टाकते, उरलेल्या वेड्यावाकड्या विखुरते. याला एक अपवाद प्रत्येक घराने पाहिलेला आहे. तान्ह्या बाळाची टाळू! आजी बोटांवर तेल घेऊन जी हलक्या हाताने भरते आणि कन्नड घरातली अज्जी जिला ‘नेत्ती’ म्हणते, ती मऊ जागा. तिथे हाड अजून जुळून आलेले नसते, त्यामुळे तेवढ्या खिडकीतून सोनोग्राफी बाळाचा मेंदू बघू शकते. साधारण दीड वर्षाच्या सुमारास टाळू भरते आणि ही खिडकी बंद होते. मोठ्या माणसात ती पुन्हा उघडायची तर शस्त्रक्रियेतच. गाठ काढण्यासाठी सर्जन कवटीचा तुकडा बाजूला करतात, तेव्हा आवाजाला वाट मिळते.

गंमत अशी की वैद्यकातल्या सोनोग्राफीची जवळजवळ पहिली पावले मेंदूच्याच दिशेने पडली, आणि तीही चुकीची. ऑस्ट्रियातले मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल दुसिक यांनी डोक्याच्या एका बाजूने ध्वनिलहरी सोडून दुसऱ्या बाजूला त्या टिपायचा प्रयत्न केला आणि 1942 साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या आपल्याला दिसल्या, असे त्यांना वाटले. पुढे 1952 साली जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की ती चित्रे बहुतांशी कवटीच्या हाडामुळेच तयार होतात. दुसिक यांना दिसले होते ते मुख्यतः हाड!

पण कल्पना मेली नाही. मूळचे इंग्लंडचे आणि अमेरिकेत मिनेसोटात स्थायिक झालेले सर्जन जॉन वाइल्ड यांनी लाइल फ्रेंच आणि डोनाल्ड नील यांच्यासह 1950 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मृत्यूनंतर काढलेल्या, गाठ असलेल्या मेंदूवर त्यांनी ध्वनिलहरी सोडल्या. गाठीचा प्रतिध्वनी निरोगी भागापेक्षा वेगळा येतो, असे त्यांना आढळले. तेव्हा पडद्यावर चित्र नसे, नुसत्या वरखाली जाणाऱ्या रेघा असत. हलते, जिवंत चित्र दाखवणारी यंत्रे आल्यावर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोतले सर्जन जॉर्ज डोरमान आणि रेडिओलॉजिस्ट जोनाथन रुबिन यांच्यासारख्यांनी ती मेंदूच्या ऑपरेशनमध्ये वापरून दाखवली.

आता शेजारच्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एम.आर.आय. आहे, तर पुन्हा बघायचे कशाला?

ताज्या चिकाचा खरवस आठवा, आपल्या कन्नड सोयऱ्यांचा ‘गिण्ण’. भांड्यात असतो तोवर त्याचा आकार ठरलेला असतो. एका कडेने वडी काढली की उरलेला किंचित ढासळतो, त्या बाजूला कलतो. मेंदू असाच मऊ आहे, शिवाय तो कवटीत पाण्यावर तरंगत असतो. कवटी उघडली, वरचा पडदा कापला की ते पाणी थोडे वाहून जाते. मेंदू स्वतःच्या वजनाने खाली बसतो. सूज उतरवायची औषधे दिलेली असतात, त्यांनीही तो आकसतो. गाठीचा एक भाग काढला की भोवतीचा भाग त्या पोकळीकडे सरकतो. उलट कधी सूज येऊन तो वरही येतो. हा सरकण्याचा प्रकार काही मिलीमीटरचा असतो, प्रसंगी एक सेंटीमीटरच्याही पुढे जातो. पोटात किंवा पायात सेंटीमीटरचे काय एवढे? पण मेंदूत तेवढ्या अंतरात हाताची शक्ती आणि तोंडातला शब्द, दोन्ही राहत असतात.

आजकाल मोठ्या रुग्णालयांत ‘नेव्हिगेशन’ नावाची सोय असते. आदल्या दिवशीच्या एम.आर.आय.वरून संगणक नकाशा तयार करतो आणि सर्जनच्या हातातले टोक मेंदूत नेमके कुठे आहे ते पडद्यावर दाखवतो. गाडीतल्या नकाशासारखेच. सुरुवातीला हे फार अचूक चालते. कवटी कुठे उघडायची हे ठरवायला तर उत्तमच. पण ऑपरेशन जसे पुढे सरकते तसा तो नकाशा जुना होत जातो. उन्हाळ्यात मार्कंडेयाच्या काठचा नकाशा काढायचा आणि श्रावणात तो घेऊन शेतात उतरायचे, तसे होते. नकाशा खोटा नसतो, पण तो कालचा असतो.

यावर एक उपाय म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच एम.आर.आय.चे यंत्र बसवणे. जगात काही ठिकाणी ते आहे, भारतातही आहे. चित्र सुरेख येते. पण यंत्र अतिशय महाग, त्यासाठी खोली वेगळी बांधावी लागते, लोखंडी हत्यारे चालत नाहीत आणि प्रत्येक वेळी चित्र काढायचे तर ऑपरेशन बराच वेळ थांबवावे लागते. सोनोग्राफीचे यंत्र मात्र ढकलत आणता येते, आणि काही मिनिटांत बघून पुन्हा काम सुरू करता येते. एकदाच नव्हे, पाच वेळा, दहा वेळा.

ते प्रत्यक्ष कसे करतात? प्रोबला निर्जंतुक पिशवी चढवतात. कवटी उघडल्यावर तो पडद्यावर अलगद टेकवून आधी गाठ कुठे आहे, किती खोल आहे, रक्तवाहिन्या कुठून जातात ते पाहतात. गाठ साधारणपणे भोवतालच्या मेंदूपेक्षा उजळ दिसते, पाण्याने भरलेली पोकळी काळी दिसते. मग काही भाग काढून झाल्यावर पोकळीत सलाईनचे पाणी भरतात, कारण हवेतून या लहरी नीट जात नाहीत, आणि पुन्हा पाहतात. कडेला अजून उजळ पट्टा आहे का? असेल तर पुढे जायचे की थांबायचे?

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात न्यूरोसर्जन गाइरमुंड उन्सगोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी, म्हणजे नेव्हिगेशन आणि सोनोग्राफी, एकत्र आणल्या. प्रोब फिरवून घेतलेली चित्रे जोडून त्रिमिती नकाशा करायचा आणि ऑपरेशनमध्ये तो हवा तेव्हा नव्याने काढायचा. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत डॉ. अलिअसगर मोइयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरली आणि आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. आपल्यासारख्या देशात महागड्या यंत्राची वाट न पाहता हे करता येते, याला मोठे महत्त्व आहे.

नॉर्वेचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या दोन रुग्णालयांची धोरणे वेगळी होती. मेंदूत हळू वाढणारी गाठ सापडली की एका ठिकाणी नुसता तुकडा तपासून वाट पाहत, दुसऱ्या ठिकाणी लवकर ऑपरेशन करून जमेल तेवढी काढत. कुणी कुठे जायचे हे रुग्णाच्या राहत्या पत्त्यावर ठरे. अशा 153 रुग्णांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लवकर ऑपरेशन करणाऱ्या ठिकाणचे रुग्ण जास्त काळ जगल्याचे दिसले. त्या ठिकाणी त्रिमिती सोनोग्राफी वापरत असत. मात्र हा अभ्यास ऑपरेशनच्या धोरणाचा होता, एकट्या सोनोग्राफीचे श्रेय त्यातून काढता येत नाही. पण पत्ता बदलला की उपचार बदलतो, हे आपल्या सीमाभागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

आता उणी बाजू. सोनोग्राफीचे चित्र एम.आर.आय.सारखे सोपे नसते, ते वाचायला सराव लागतो. सुरुवातीला चित्र स्वच्छ असते. काम पुढे गेल्यावर कडेला रक्त साचते, ते उजळ दिसते. पोकळीत भरलेल्या पाण्यातून आवाज फारसा न मंदावता जातो, त्यामुळे पाण्याच्या तळाशी असलेली कडा खरी आहे त्याहून जास्त चमकते. अननुभवी डोळ्याला ती उरलेली गाठ वाटू शकते, आणि तिच्या मागे लागून चांगला मेंदू खरवडला जाण्याचा धोका असतो. तिसरी गोष्ट अशी की, मेंदूतल्या बऱ्याच गाठींना स्पष्ट कडच नसते. हळद सांडलेल्या कपड्यासारखे असते ते. मध्ये गडद, कडेला फिकट, आणि कुठे संपते ते सांगता येत नाही. शेवटची पेशी दाखवणारे यंत्र अजून कुणाकडेही नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. सोनोग्राफी गाठ कुठे आहे ते सांगते. त्या जागी माणसाचे काय राहते, ते सांगत नाही.

काकूंची गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेजवळ होती. म्हणून त्यांना मध्येच जागे ठेवून ऑपरेशन करायचे ठरले. ऐकून अंगावर काटा येतो, पण मेंदूला स्वतःला वेदना नसते. कातडी बधिर केली की पुरते. जागे असताना चित्रे दाखवून नावे विचारतात आणि तेव्हाच मेंदूच्या एकेका जागेला अगदी सौम्य वीज लावून बघतात. शब्द अडला, तर ती जागा सोडून द्यायची.

तयारीच्या वेळी डॉक्टरांनी मुलाला विचारले, “घरी कोणती भाषा?” तो म्हणाला, “मराठी.” तेही खरेच. काकू लग्न होऊन आल्या त्याला तीस वर्षे होऊन गेली. सत्यनारायणाची कथा त्या मराठीत वाचतात, नातवाला मराठीत रागावतात. पण तिथे काकूंची थोरली बहीण बसली होती, गोकाकहून आलेली. ती म्हणाली, “नोटा मोजताना बघा की हिला. वंद, यरड, मूर असंच चालतं.” सगळे हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन्ही भाषांत तयारी करायला सांगितले.

त्याचे कारण मला नंतर वाचताना सापडले. अमेरिकेतले सर्जन जॉर्ज ओजेमान आणि भाषेचे अभ्यासक हॅरी व्हिटेकर यांनी 1978 साली दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांची अशी तपासणी प्रसिद्ध केली होती. काही जागांना वीज लावली की दोन्ही भाषांतले शब्द अडत, आणि काही जागा अशा होत्या जिथे एक भाषा अडे पण दुसरी चाले. म्हणजे एकाच भाषेत तपासून निर्धास्त राहिले, तर दुसरीवर घाव बसू शकतो. आपल्यासारख्या घरांसाठी ही केवढी मोठी बाब आहे! सासरची भाषा राहिली आणि माहेरची गेली, तर त्या बाईचे काय गेले हे फिल्म बघून कुणाला कळणार?

मग काकूंच्या मुलाने आणि अक्कांनी मिळून दोन दिवस रोजच्या वस्तूंची यादी केली. गाय आणि ‘आकळ’. छत्री दोन्हीकडे छत्रीच, म्हणून ती वगळली! काकू दवाखान्यातल्या खाटेवर बसून चित्रे ओळखण्याचा सराव करत आणि मध्येच, “मला काय बालवाडीत घातलंय का?” म्हणून चिडत.

ऑपरेशन झाले. सोनोग्राफी तीनदा केली, असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले. दुसऱ्या वेळी एका बाजूला उरलेला भाग दिसला, तो काढला. तिसऱ्या वेळी मागच्या कडेला पुन्हा थोडे उजळ दिसत होते, पण तिथे वीज लावताच काकूंचा कन्नड शब्द अडला. मराठी शब्द आला. तेवढा भाग त्यांनी तसाच ठेवला.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडची पद्धत! “थोडी ठेवलीच म्हणे गाठ? मग काय उपयोग झाला ऑपरेशनचा?” असे एका पाहुण्यांनी काकूंच्या देखत विचारले. मुलाचा चेहरा पडला. मी तिथेच होते. मला वाटते, हा प्रश्नच आपण विचारायला नको. पूर्ण काढली की चांगला सर्जन, थोडी ठेवली की कच्चा, इतके ते सोपे नाही. कुठे थांबायचे हे डोळ्यांनी, आवाजाने आणि रुग्णाच्या शब्दाने मिळून ठरवलेले असते. ठेवलेल्या भागासाठी पुढे तपासण्या आहेत, गरज पडली तर किरणोपचार आणि औषधे आहेत. गेलेली भाषा परत आणायला मात्र फार कष्ट पडतात, आणि कधी ती येतही नाही.

तेव्हा वाचकहो, अशी वेळ आलीच तर घाबरून गप्प बसू नका. डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन चालू असताना गाठ किती उरली ते बघण्याची काय सोय आहे? सोनोग्राफी आहे का, आणि ती वाचण्याचा त्यांना सराव आहे का? सगळीकडे ती असेलच असे नाही, आणि प्रत्येक गाठीला ती लागतेच असेही नाही. पण विचारल्याने कुणी रागावत नाही. आणि डॉक्टरांनी न विचारताही आपणहून सांगा, आमचा माणूस किती भाषा बोलतो, कोणती कुठे बोलतो, देवापुढे कोणती, भांडताना कोणती, हिशेबाला कोणती. हे कोणत्याही यंत्राला दिसत नाही. ते घरच्यांनाच ठाऊक असते, आणि काकूंच्या वेळी तर तेही मुलाला नव्हते, बहिणीला होते.

काकूंच्या पुढच्या तपासण्या दर काही महिन्यांनी चालूच आहेत. प्रत्येक वेळी रिपोर्ट येईपर्यंत घर श्वास रोखून असते. परवा सकाळी दूधवाल्याचा हिशेब चालला होता. मी दारात होते. काकूंनी कॅलेंडरवरच्या खुणांवर बोट ठेवले आणि हळू आवाजात मोजायला लागल्या, “वंद, यरड, मूर...” अकरापाशी त्या जरा थांबल्या, आणि पुढे गेल्या.